नगराचे प्रकाशतंतू

कोणत्याही मोठ्या शहरातून फेरफटका मारला तर एक दृश्य हटकून नजरेस पडते. रस्त्याच्या कडेला चर खणलेला असतो, मातीचे ढीग पडलेले असतात, आणि एका भल्यामोठ्या वेटोळ्यावरून नारिंगी रंगाची नळी उलगडून त्या चरात सोडली जात असते. पुढे चर बुजवला जातो, रस्त्यावर डांबर पडते आणि लोक ती गोष्ट विसरून जातात. काही महिन्यांनी तोच रस्ता पुन्हा खणला जातो. या खेपेस नळी तशीच असते. फक्त तिचा मालक निराळा असतो.

या नळीतून काय जाते आणि ती कोणाच्या मालकीची असावी, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पुस्तिकेत करावयाचा आहे. पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, तर दुसरा नागरिकशास्त्राचा. परंतु पहिल्याचे उत्तर नीट समजले म्हणजे दुसऱ्याचा विचार करणे पुष्कळच सोपे जाते, असे वाचकांच्या ध्यानात येईल.

प्रकाशाला वळण कसे लावतात?

प्रकाश सरळ रेषेत जातो हे आपण शाळेत शिकतो. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे शास्त्रज्ञ सांगत असत की, डेहराडूनच्या शाळेत गुरुजींनी हे विधान केले तेव्हाच ते खोटे पाडून दाखवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी काचेच्या बारीक तंतूंची जुडी तयार केली आणि तिच्या एका टोकापाशी ठेवलेली आकृती दुसऱ्या टोकास उमटवून दाखविली. १९५४ साली त्यांचा हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हॉलंडचे आब्राहाम व्हान हील यांनी अशा तंतूभोवती दुसऱ्या पारदर्शक पदार्थाचे वेष्टन घालावे अशी कल्पना मांडली. आजचा प्रकाशतंतू या दोन कल्पनांवर उभा आहे.

वास्तविक गुरुजींचे म्हणणे चूक नव्हते. तंतूमध्येही प्रकाश सरळच जातो. परंतु तो पुन्हा पुन्हा आत परतविला जातो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे जाणारा किरण त्यांच्या सीमेवर फारच तिरपा आदळला, तर तो बाहेर न पडता संपूर्णपणे आत परत फिरतो. यासच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. जिनीव्हाच्या डॅनियल कोलादों यांनी १८४१ च्या सुमारास, आणि लंडनच्या जॉन टिंडाल यांनी १८५४ साली, पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेऊन हे तत्त्व लोकांना प्रत्यक्ष दाखविले होते.

हा प्रयोग शाळेतही सहज करता येण्याजोगा आहे. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीच्या बाजूस, तळाजवळ, पेन्सिलीएवढे भोक पाडावे. भोकावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरावी. खोलीत अंधार करून भोकाच्या समोरच्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि बोट काढावे. पाण्याची धार कमान करून खाली पडेल, आणि ती जेथे बादलीत पडते तेथे प्रकाशाचा ठिपका दिसेल. धार वाकली आणि तिच्याबरोबर प्रकाशही वळला.

आजच्या प्रकाशतंतूत पाण्याच्या जागी अतिशुद्ध काच असते. दूरसंदेशासाठी वापरावयाच्या तंतूचा काचेचा भाग १२५ मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे मानवी केसाहून किंचित जाड असतो. त्याच्या मध्यभागी सुमारे ९ मायक्रोमीटर व्यासाचा गाभा असतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियम डायऑक्साइड अल्प प्रमाणात मिसळून तिचा वक्रीभवनांक भोवतालच्या वेष्टनापेक्षा एखाद-तृतीयांश टक्क्याने वाढविलेला असतो. एवढा अल्पसा भेदही प्रकाशास गाभ्यात कोंडून ठेवण्यास पुरेसा होतो.

काच स्वच्छ झाली

तत्त्व ठाऊक असूनही शतकभर त्याचा उपयोग दूरसंदेशासाठी होऊ शकला नाही. याचे कारण काचेची अशुद्धता. खिडकीची काच आपणांस स्वच्छ वाटते, कारण ती जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असते. तिची कड पाहिली म्हणजे ती हिरवट दिसते. अशी काच कित्येक मीटर जाड असती तर तिच्यातून पलीकडचे काहीच दिसले नसते.

प्रकाशाचा ऱ्हास डेसिबेल या एककात मोजतात. १० डेसिबेल ऱ्हास म्हणजे दहावा हिस्सा उरणे, आणि २० डेसिबेल ऱ्हास म्हणजे शंभरावा हिस्सा उरणे. १९६० च्या दशकात उपलब्ध असलेल्या तंतूंत दर किलोमीटरला सुमारे १,००० डेसिबेल ऱ्हास होई; म्हणजे अवघ्या २० मीटरांतच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरे. १९६६ साली इंग्लंडमधील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेतील चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की, हा दोष काचेच्या अंगचा नसून तिच्यातील लोहादी अशुद्ध द्रव्यांचा आहे. ती द्रव्ये काढून टाकली आणि ऱ्हास किलोमीटरला २० डेसिबेलपर्यंत खाली आणला, तर तंतू दूरसंदेशासाठी उपयोगी पडेल. हे भाकीत चार वर्षांतच खरे ठरले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग या काचकारखान्यात रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक व पीटर शुल्ट्झ यांनी २० डेसिबेलहून कमी ऱ्हासाचा तंतू तयार केला. काओ यांना २००९ साली या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

आज दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल इतकाच ऱ्हास होतो. याचा अर्थ असा की, १५ किलोमीटर काचेतून गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो, आणि १९७० साली जेवढा प्रकाश १ किलोमीटरनंतर उरे तेवढा आता १०० किलोमीटरनंतर उरतो. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संदेश नेताना वाटेत त्याला बळ देणारे यंत्रही लागत नाही.

टोके बदलतात, काच टिकते

तंतूच्या एका टोकाशी एक लहानसा लेसर असतो. तो सेकंदाला कोट्यवधी वेळा उघडझाप करतो. स्पंद असला तर एक, नसला तर शून्य, अशा अंकांनी अक्षर, आवाज वा चित्र लिहिले जाते. अशा प्रत्येक अंकास बिट म्हणतात. दुसऱ्या टोकाचा प्रकाशग्राहक ते स्पंद मोजून पुन्हा विद्युत्संकेतांत उतरवितो. हा प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यास दिसत नाही. पण डोळ्यास इजा करू शकतो. यास्तव तंतूच्या उघड्या टोकात कधीही पाहू नये.

याचे सामर्थ्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका क्ष-किरण चित्राचे १६ कोटी बिट होतात असे धरू. जुन्या दूरध्वनीच्या तारेवरून, सेकंदाला ५६ हजार बिट या वेगाने, ते चित्र पाठविण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. सेकंदाला १०० कोटी बिट, म्हणजे १ गिगाबिट, वाहून नेणाऱ्या तंतूवरून ते सेकंदाच्या सहाव्या हिश्शात पोहोचेल. पाऊण तास आणि सेकंदाचा सहावा हिस्सा यांतील अंतर रुग्णालयात काय ठरवू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या जोडणीचा वेग मुख्यतः टोकांवरील यंत्रे ठरवितात. काच तीच राहते. तीस वर्षांपूर्वी जमिनीत घातलेल्या चांगल्या तंतूच्या टोकांवर आजची यंत्रे बसविली तर तोच तंतू शेकडोपट अधिक मजकूर वाहून नेऊ शकतो. निरनिराळ्या तरंगलांबींचा, म्हणजे जणू निरनिराळ्या रंगांचा प्रकाश एकाच तंतूतून एकाच वेळी पाठविता येतो, हेही त्याचे एक कारण होय. यंत्रे पाच-दहा वर्षांत जुनी होतात; काच कित्येक दशके टिकते. म्हणून यंत्र ही व्यापाराची वस्तू, आणि काच व तिची वाट ही रस्त्यासारखी किंवा जलवाहिनीसारखी स्थावर वस्तू समजणे योग्य ठरते.

खर्च कशाचा?

असे जाळे उभारण्याचा खर्च कोठे होतो हे पाहू. काचेचा तंतू वालुकेपासून मिळणाऱ्या सिलिकेचा बनतो. काचेचा जाड दंड सुमारे २,००० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यापासून मैलोगणती तंतू ओढला जातो. त्यामुळे तंतू स्वस्त असतो. एका केबलमध्ये २४ ऐवजी ९६ तंतू घातले तरी एकूण खर्चात थोडीच भर पडते. खरा खर्च होतो तो चर खणण्याचा, रस्ता पूर्ववत करण्याचा, परवानग्यांचा आणि मजुरीचा.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, चर खणावयाचाच असेल तर आज लागतात त्याहून पुष्कळ अधिक तंतू घालावेत. दुसरा असा की, एकाच रस्त्यावर चार जणांनी चार वेळा चर खणणे हा समाजाच्या धनाचा निव्वळ अपव्यय होय. दोन जलवाहिन्या शेजारी शेजारी टाकून नागरिकांस पाण्याची निवड करण्याची सोय सहसा कोणी केली नाही. कारण ते शहाणपणाचे नव्हते. प्रकाशतंतूंच्या बाबतीत मात्र बहुतेक शहरांनी हेच केले.

आणि रस्ता तर नगरपालिकेचाच असतो. शाळा, ग्रंथालये, दवाखाने, अग्निशामक ठाणी, जलशुद्धीकरण केंद्रे व वाहतुकीचे दिवेही तिचेच असतात. म्हणजे जाळ्याची वाट नगराची आणि जाळ्याचे पहिले गिऱ्हाईकही नगरच. तरीही प्रत्येक इमारतीसाठी दरमहा भाडे भरून दुसऱ्याची जोडणी घेणे हाच परिपाठ पडला. काही शहरांनी तो मोडला. त्यांची हकिगत उद्‌बोधक आहे.

स्टॉकहोमचे अंधारे तंतू

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही मेलारेन सरोवर आणि बाल्टिक समुद्र यांच्या संगमावरील १४ बेटांवर वसलेली आहे. खाली कठीण खडक आणि मध्ये पाणी, अशा ठिकाणी वारंवार खोदकाम करणे किती कष्टाचे असेल याची कल्पना करता येईल. १९९३ साली स्वीडनमध्ये दूरसंचाराचे क्षेत्र नव्या कंपन्यांस खुले झाले. त्याबरोबर प्रत्येक कंपनी आपापली केबल घालण्यासाठी रस्ते खणू लागेल, आणि जिच्याजवळ आधीपासून जाळे आहे तीच बाजी मारील, अशी दोन संकटे नगरसभेपुढे उभी राहिली.

यावर नगरसभेने जो उपाय योजला तो साधा होता. १९९४ साली तिने संपूर्णपणे शहराच्या मालकीची स्टोकॅब नावाची कंपनी स्थापन केली. या कंपनीने तंतू घालावयाचे आणि ते भाड्याने द्यावयाचे, इतकेच तिचे काम. ती दूरध्वनीची वा इंटरनेटची सेवा स्वतः विकत नाही. भाड्याने दिलेल्या तंतूंत तिचा स्वतःचा प्रकाश नसतो. म्हणून त्यांस ‘अंधारे तंतू’ म्हणतात. भाडेकरूने दोन्ही टोकांस आपली यंत्रे बसवावयाची आणि आपला प्रकाश त्यांतून पाठवावयाचा. सर्वांना अटी सारख्याच.

पुढे शंभराहून अधिक दूरसंचार कंपन्या या तंतूंच्या भाडेकरू झाल्या. त्यांच्या आपसांत स्पर्धा राहिली; पण ती सेवेची स्पर्धा होती, खोदकामाची नव्हती. शहराची शाळागृहे, ग्रंथालये, कचेऱ्या व वृद्धाश्रम, तसेच परगण्याच्या परिषदेची रुग्णालये या जाळ्याने जोडली गेली. शहराच्या मालकीच्या गृहनिर्माण कंपन्यांतील भाडेकरूंची घरेही पुढे त्यावर आली. जाळ्याचा विस्तार प्रामुख्याने कर्ज आणि तंतूंचे भाडे यांच्या बळावर होत गेला. २००९ च्या डिसेंबरात चौथ्या पिढीच्या बिनतारी सेवेचा जगातील पहिला व्यापारी आरंभ स्टॉकहोम आणि ऑस्लो या दोन शहरांत झाला. बिनतारी सेवेलाही मनोऱ्यापर्यंत संदेश नेण्यासाठी तंतू लागतोच, हे येथे लक्षात घ्यावे.

लहान पावले: सांता मोनिका

स्टॉकहोम हे मोठे आणि संपन्न शहर. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी वसलेल्या, लाखाच्या आतबाहेर वस्तीच्या सांता मोनिका या शहराने निराळा, सावकाशीचा मार्ग चोखाळला. १९९८ साली तेथील नगरसंस्थेने दूरसंचाराची दीर्घ मुदतीची योजना आखली. प्रथम केवळ नगराच्या इमारती, शाळा आणि महाविद्यालय ही जोडावयाची. त्यामुळे खाजगी जोडण्यांच्या भाड्यात जी बचत होईल ती बाजूला काढून तीतून पुढचा टप्पा बांधावयाचा. कोणत्याही कारणाने रस्ता खणला गेला की त्याच चरात रिकामी नळी घालून ठेवावयाची, हाही त्या योजनेचा भाग होता. जाळे पुरेसे पसरल्यावर मगच उरलेले तंतू व्यावसायिकांना भाड्याने दिले जाऊ लागले. याप्रमाणे एकदम मोठे कर्ज न काढता जाळे वाढत गेले.

विजेच्या तारांबरोबर: चॅटनूगा

टेनेसी राज्यातील चॅटनूगा शहरात हे काम शहराच्या मालकीच्या वीजसंस्थेने केले. तिला अमेरिकेच्या केंद्रशासनाकडून सुमारे ११ कोटी डॉलरांचे अनुदान मिळाले होते आणि बाकीची रक्कम तिने कर्जरूपाने उभारली. तंतूंचा पहिला उपयोग विजेसाठीच होता. वाहिन्यांवर हजाराहून अधिक स्वयंचलित कळी बसविण्यात आल्या. वादळात झाड पडून तार तुटली की या कळी तंतूंवरून एकमेकींस वर्दी देतात, बिघडलेला भाग तोडतात आणि बाकीच्या घरांना दुसऱ्या वाटेने वीज पोहोचवितात. त्याच तंतूंवरून २०१० साली आपल्या क्षेत्रातील प्रत्येक घराला १ गिगाबिट वेगाची जोडणी देऊ करणारे हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले.

परंतु सार्वजनिक मालकीचा खरा अर्थ २०२० साली कळून आला. महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि शिक्षण घरातील पडद्यावर आले. ज्यांच्या घरी जोडणी नव्हती त्यांची शाळाच बंद झाली. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात या वीजसंस्थेने, परगण्याच्या शाळा, स्थानिक शासन व देणगीदार यांच्या सहकार्याने, गरीब कुटुंबांतील सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना दहा वर्षांसाठी विनामूल्य जोडणी देण्याची योजना जाहीर केली. तार बहुतेकांच्या दारावरून आधीच गेलेली होती. राहिला होता तो केवळ निर्णय; आणि तार नगराची असल्याने तो निर्णय नगराला घेता आला.

जाळे कसे बांधतात?

असे जाळे बांधावयाचे झाल्यास प्रथम नगराच्या सर्व इमारतींचा नकाशा तयार करतात. त्यांपैकी शाळा कोणत्या, रुग्णालये कोणती, पंपघरे कोठे, हे पाहून त्यांना जोडणारी एक मुख्य वाट आखतात. ही वाट शक्यतो बंद वर्तुळाची असते. वर्तुळ असल्यास एका ठिकाणी केबल तुटली तरी संदेश उलट दिशेने फिरून मुक्कामी पोहोचतो. सरळ रेषेत बांधलेल्या जाळ्यात मात्र एक कुदळ पुढच्या सर्व इमारतींना अंधारात टाकते. मुख्य वर्तुळावरून प्रत्येक इमारतीकडे फाटे काढतात.

चर साधारणपणे एक ते दीड मीटर खोल खणून त्यात प्लास्टिकच्या नळ्या घालतात. एक नळी वापरात असेल तर तिच्याबरोबर एक-दोन रिकाम्या नळ्या ठेवतात. पुढे जादा केबल लागल्यास ती दाबाच्या हवेने नळीतून फुंकून नेता येते. रस्ता पुन्हा खणावा लागत नाही. वळणावर आणि चौकात झाकणाचे खड्डे बांधतात, म्हणजे तेथे उतरून कामगारांना केबल जोडता येते.

दोन तंतू जोडणे हे कौशल्याचे काम आहे. तंतूंची टोके काटकोनात तोडून, स्वच्छ पुसून, एका यंत्रात समोरासमोर धरतात. विजेच्या ठिणगीने ती क्षणभर वितळून एकजीव होतात. चांगल्या सांध्यात प्रकाशाचे शंभरांत दोन-तीन भागही वाया जात नाहीत. मात्र धुळीचा एक कण मध्ये आला तरी सांधा बिघडतो.

तुटलेली जागा शोधण्याची रीत तर फारच मनोरंजक आहे. तंतूत प्रकाशाचा एक अत्यल्प स्पंद सोडतात. जेथे तंतू तुटला असेल तेथून त्याचा काही अंश प्रतिध्वनीप्रमाणे परत येतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात २०० मीटर असतो. प्रतिध्वनी अशा ५० भागांनंतर आला, तर प्रकाशाने जाऊन येऊन १०,००० मीटर अंतर कापले. अर्थात तंतू ५ किलोमीटरवर तुटला आहे. कचेरीत बसून असे नेमके ठिकाण सांगता येते आणि दुरुस्तीची तुकडी थेट तेथे जाऊन पोहोचते.

सावधगिरीचे दोन शब्द

सार्वजनिक मालकी म्हणजे यशाची हमी नव्हे. अमेरिकेतील युटा राज्यातील प्रोव्हो शहराने सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरांचे कर्ज काढून घरोघरी तंतू पोहोचविले. परंतु गिऱ्हाइके मिळविण्याच्या व्यापारात ते जाळे तोट्यात गेले. २०१३ साली शहराने ते गूगल कंपनीस अवघ्या एका डॉलरला विकले, आणि कर्जाचे हप्ते मात्र नागरिक फेडीत राहिले.

या दोन अनुभवांतील फरक विचार करण्याजोगा आहे. घराघरांत सेवा विकणे हा जोखमीचा व्यापार आहे. त्यात गिऱ्हाईक येईलच असे नाही. नगराच्या स्वतःच्या इमारती जोडणे हे मात्र ठरीव गरजेचे काम आहे. कारण शाळा आणि दवाखाने कोठे जाणार नाहीत, आणि त्यांच्या जोडणीवर आजही दरमहा पैसा खर्च होतच असतो. म्हणून प्रथम स्वतःच्या इमारती, मग भाड्याने अंधारे तंतू, आणि व्यापार करावयाचाच तर तो सर्वांत शेवटी, हा क्रम सुरक्षित ठरतो. त्याबरोबरच प्रत्येक केबलची नोंद नकाशावर ठेवणारा कारकून, सांधे जोडणारा कारागीर आणि जाळ्याची देखभाल करणारा अभियंता यांचे वेतन हा जाळ्याच्याच खर्चाचा भाग समजला पाहिजे. ज्याची नोंद नाही ती केबल असून नसल्यासारखीच.

आपल्या देशात

भारतात ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याच्या योजनेस केंद्रशासनाने २०११ साली मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडणे हे तिचे उद्दिष्ट आहे. केरळ राज्याने आपले स्वतंत्र जाळे उभारून ५ जून २०२३ रोजी त्याचे उद्‌घाटन केले. सुमारे ३० हजार सरकारी कचेऱ्या व शिक्षणसंस्था जोडणे आणि २० लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणी देणे ही त्या योजनेची उद्दिष्टे. तेथे केबल मुख्यतः राज्याच्या वीजमंडळाच्या खांबांवरून नेलेली आहे. त्यामुळे चर खणण्याचा मोठा खर्च वाचला.

मात्र जमिनीत केबल घालणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती जपणेही. एकाचे खोदकाम दुसऱ्याची केबल तोडते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. अशा बेमेळ खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा केंद्रशासनाचा अंदाज आहे. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची सोय सुरू करण्यात आली. खोदण्यापूर्वी तेथे कोणाची केबल वा नळी आहे हे खणणाऱ्यास तीवरून विचारता येते. नकाशा आणि परस्परांस विचारण्याची सवय या दोन गोष्टी असल्या तर पुष्कळशी हानी टळू शकते.

आपल्या नगरात पुढल्या वेळी रस्ता खणला जाईल तेव्हा नागरिकांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. या चरात नगराची एखादी नळी घातली जात आहे काय? नसल्यास, का नाही? आणि जी नळी घातली जात आहे ती या रस्त्यावरील शाळेच्या दारापर्यंत पोहोचते काय? चर एकदा बुजला म्हणजे या प्रश्नांचे उत्तर पुढची कित्येक वर्षे बदलता येत नाही. तोपर्यंत त्या शाळेतील मुलांच्या दोन-तीन पिढ्या शिकून बाहेर पडलेल्या असतात. काच स्वस्त आहे, प्रकाश जलद आहे. दुर्मीळ आहे ती चर उघडा असतानाची वेळ, आणि ती ओळखणे हे नगराचे काम आहे.